साक्षकाच

सोलापुरात भिंतीला गेलेली भेग अकरा वर्षांत कुणी पाहिली नव्हती. त्यामुळे २०६४ सालच्या त्या जूनमधल्या सकाळी, गृहसुधार परवाना मंडळाच्या सुनावणी दालनातल्या पडद्यावर एका भिंतीचं छायाचित्र उमटलं, तेव्हा मागच्या बाकावरच्या दोघी तरुण कारकून तिला नक्षीच समजल्या. फिकट पोपटी भिंत, तिच्यात वीतभर रुंदीची एक उभी पट्टी, आणि फक्त त्या पट्टीपुरतीच वेडीवाकडी गेलेली एक काळी रेघ. पट्टीच्या अलीकडे-पलीकडे भिंत सोललेल्या अंड्यासारखी गुळगुळीत होती.

"परवानाधारक क्रमांक चारशे सात, कोमल धोत्रे," मंडळाचे अध्यक्ष सुहास रणनवरे म्हणाले, "हे काम तुमचं?"

"माझंच हाय."

समोरच्या खुर्चीतली बाई उठून उभी राहिली. चौपन्न वर्षांची, गवंड्याची मुलगी, स्वतः तीस वर्षं घरदुरुस्तीची ठेकेदार. नाव कोमल असलं तरी बाईंच्या तळहातावर काडी ओढली तर पेटेल, असं त्यांच्याकडचे कामगार म्हणत. अशा सुनावण्यांमध्ये ठेकेदार साधारणपणे हात जोडून येतात. कोमलबाईंनी हात पाठीमागे बांधले होते.

तक्रारदार पल्लवी बिराजदार दुसऱ्या बाजूला बसल्या होत्या. साठी ओलांडलेल्या या बाई होटगी रस्त्यालगतच्या आपल्या बैठ्या घरात पाळणाघर चालवत. बाकीच्या घराला भेगा आपोआप बुजवणारा भरणगिलावा दहा वर्षांपूर्वीच झाला होता; पुढची मोठी खोली त्यांनी दोन वर्षांपूर्वी कोमलबाईंकडून नव्याने करून घेतली होती. मे महिन्यात दाखल्याच्या नूतनीकरणासाठी निरीक्षक आला, त्याने कपाट सरकवलं आणि त्याच्या हातातला भेगशोधक जन्मात पहिल्यांदा ओरडला. निर्भेग दाखला गेला. दाखला नाही तर पाळणाघर नाही. चौदा मुलं घरी गेली.

"माझं म्हणणं सरळ आहे," पल्लवीताई म्हणाल्या. "आम्ही सगळ्या खोलीला भरणगिलावा सांगितला होता. या बाईंनी कपाटामागे एक पट्टी तशीच सोडली, साध्या सिमेंटची. आणि वरून रंग मारला. मला काही बोलल्या नाहीत. वर हे काय चिकटवलंय बघा."

पडद्यावर छायाचित्र मोठं झालं. भेगेवर आडवी चिकटवलेली, बोटाएवढी एक काचेची पट्टी. भेगेच्या रेषेवर तिचे दोन तुकडे झाले होते आणि बाजूला पेन्सिलीने तारीख लिहिलेली होती.

"साक्षकाच," कोमलबाई म्हणाल्या. "आमचे वडील लावायचे. जुन्या घरात भेग दिसली की तिच्यावर काच चिकटवायची, तारीख घालायची. काच शाबूत राहिली तर भेग जुनी, बुजवून टाका. काच तुटली तर भिंत अजून हलतीया. मी भेग पडायच्या आधीच लावती, एवढाच फरक."

"ज्या भिंतीला भेग पडूच शकत नाही, तिच्यावर भेग मोजायची काच!" रणनवरे हसले. त्यांना निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती आणि उरलेला काळ भरणगिलाव्यासारखाच गुळगुळीत जावा, एवढीच त्यांची इच्छा होती. "डॉक्टर शितोळे, नोंदीसाठी जरा समजावून सांगा. धोत्रेबाईंनाही ऐकू द्या."

डॉ. ईश्वरी शितोळे मंडळाच्या सूक्ष्मजीवतज्ज्ञ होत्या. भरणगिलावा ज्या प्रयोगशाळेत जन्मला, तिथे त्यांनी उमेदीची वर्षं घालवली होती. शहरातला पहिला भरणगिलावाही त्यांच्याच देखरेखीखाली, याच दालनाच्या भिंतींना झाला होता.

"या गिलाव्यात जीवाणू झोपवून ठेवलेले असतात," त्या म्हणाल्या. "त्यांना आम्ही भरणजीव म्हणतो. भिंतीला बारीकसा तडा गेला की ओल आत शिरते. ओलीने ते जागे होतात, सोबत बांधून दिलेली शिदोरी खातात आणि तिच्यातल्या चुन्यापासून चुनखडी तयार करतात. तडा बुजतो, ओल थांबते, ते पुन्हा झोपतात. डोळ्यांना दिसेल एवढी भेग पडायला सवडच मिळत नाही."

"शिदोरी किती वर्षांची?" कोमलबाईंनी विचारलं.

"तुमची पाळी आली की बोला," रणनवरे म्हणाले.

पण शितोळेबाईंनी उत्तर दिलं. "तीस वर्षांची."

"कुठल्या मातीवर मोजलेली?"

"म्हणजे?"

"मुरमावरचं घर गपगुमान बसतं, डॉक्टर. आमच्याकडं काळी माती हाय. उन्हाळ्यात आटती, पावसाळ्यात फुगती. घर वर्षातनं दोनदा हलतं. मुरमावरच्या भिंतीला तीस वर्षं पुरंल ती शिदोरी काळ्या मातीवर चार-पाच वर्षांत चाटूनपुसून संपंल. अकरा झाली."

शितोळेबाईंनी मान हलवली. रागाने नाही, वर्गातल्या हुशार पण हट्टी मुलीकडे बघून हलवावी तशी. "संपली असती तर भेगा दिसायला लागल्या असत्या ना? शहरात एकही भेग नोंदलेली नाही. त्या अर्थी शिदोरी शिल्लक आहे."

"न्हाईतर त्यांनी दुसरीकडं चूल मांडली."

दालनात हशा पिकला. शितोळेबाई मात्र हसल्या नाहीत. प्रश्न खुळा असला तरी त्याला नीट उत्तर द्यायचं, अशी त्यांची रीत होती.

"ते शक्य नाही. भरणजीवांना जगायला एक जीवनसत्त्व लागतं. ते त्यांना स्वतः बनवता येणार नाही, अशी व्यवस्था आम्हीच केली. ते फक्त शिदोरीत आहे. म्हणून ते गिलाव्यात कोंडलेले आहेत. गिलाव्याबाहेर एक बोटभरही जगू शकत नाहीत. तुमच्याच पट्टीत बघा. दोन्ही बाजूंना भरणगिलावा आहे, पण मधली भेग बुजलेली नाही. तुमच्या पट्टीनेच माझं म्हणणं सिद्ध केलंय."

हा फटका चोख होता. पण माघार कोमलबाईंच्या स्वभावात नव्हती.

"मग एक सांगा. जोत्याला लोणा लागतो तो कसा? जमिनीतला खार ओलीसंगं वर चढतो आणि भिंतीवर फुटतो. खार चढतो तर चुना का न्हाई चढणार? अकरा वर्षं भिंती भरत्यात. भरायला चुना आला कुठनं, एवढंच मी इचारतीया. तीन पत्रं लिहिली मंडळाला."

"आणि तिन्हींना उत्तर दिलं," रणनवरे म्हणाले. "भेग नोंदलेली नाही, सबब तक्रार निराधार. बाई, या मंडळाकडे एकोणीस क्रमांकाचा नियम आहे. एका शहरात तीन भेगा नोंदल्या गेल्या तर घरांचे पाये उघडून तपासायचे. अकरा वर्षांत तो नियम एकदाही वापरायची वेळ आलेली नाही. याला म्हणतात दर्जा!" मग त्यांनी आवाज मऊ केला. "हे बघा, मला तुमच्या पोटावर पाय द्यायचा नाही. अशा पट्ट्या किती घरांत सोडल्यात?"

"बावीस."

पल्लवीताईंनी कपाळावर हात मारला.

"बावीस घरांत जाऊन भरणगिलावा भरून द्या. लेखी माफी मागा. परवाना राहील, यांना दाखला मिळेल, मी फाइल बंद करतो."

"भरणार न्हाई."

"तर मग परवाना रद्द होईल."

"करा की! पण नियमानं करा. जागेवर येऊन भेग बघा, मापा, वहीत लिहा आणि मग रद्द करा."

रणनवरेंना असले ठेकेदार ठाऊक होते. सुंभ जळतो, पीळ जात नाही. त्यांनी कॅलेंडर पाहिलं, निरीक्षण सहा आठवड्यांनंतर ठेवलं आणि तोपर्यंत कुणी भिंतीला हात लावू नये म्हणून खोलीला मंडळाचं सील लावायचा हुकूम दिला.

"सहा आठवडे?" पल्लवीताई उठून उभ्या राहिल्या. "अहो, त्या मुलांच्या आया कामाला जातात. त्यांनी काय करायचं?"

त्या सकाळी कोमलबाईंनी पहिल्यांदाच मान खाली घातली.

*

आठवड्याने त्या पल्लवीताईंच्या दारात गेल्या. ओट्यावर लहान मुलांच्या चपला ठेवायची लाकडी फळी रिकामी होती. खोलीच्या दाराला लाल सील. पल्लवीताईंनी पाणी दिलं, कारण दारी आलेल्याला पाणी न देणं त्यांना जमलं नसतं. पण बसा म्हणाल्या नाहीत.

"मंडळाची माफी मागणार न्हाई," कोमलबाई उभ्यानेच म्हणाल्या. "तुमची मागायला आली. तुम्हाला न सांगता तुमच्या घरात पट्टी सोडली, ही माझी चूक. खरी चूक."

"का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर ठिवू दिली असती?"

पल्लवीताईंनी विचार केला. "नसती."

"म्हणून."

"हे उत्तर नाही झालं, धोत्रेबाई. घर माझं. पोरं लोकांची. तुम्ही कोण परस्पर ठरवणार?"

कोमलबाई ओट्याच्या कडेला टेकल्या. मग त्यांनी पाच वर्षांपूर्वीची गोष्ट सांगितली. एका दुकानाचं काम होतं. भिंती आरशासारख्या. नळाची नवी लाइन घ्यायला त्यांनी जोत्याच्या खाली गिलावा फोडला आणि आतल्या काँक्रीटला थापी लावली. काँक्रीटमध्ये थापी जात नसते, वाजते. ती थापी वाळूत जावी तशी चार बोटं आत गेली. सिमेंट म्हणजे तरी काय, चुन्याचाच संसार. त्यातला चुना गेला होता आणि उरली होती खडी आणि वाळू. वरची भिंत मात्र अखंड. मालकाने घाबरून दुसऱ्याच दिवशी ते बुजवून टाकलं, दाखला जाईल म्हणून.

"भेग म्हंजे घराची हाक असती, ताई. पूर्वी पाया खचला की भिंत वरडायची. आता खालनं खचतंय आणि वरनं तोंड दाबलेलं हाय. मी बावीस घरांत नुसतं एक तोंड उघडं ठिवलं."

"आणि माझ्या घराने हाक मारली."

"मारली."

पल्लवीताईंनी रिकाम्या फळीकडे पाहिलं. "तुम्ही चुकत असाल तर?"

"तर माझा परवाना जाईल."

"आणि तुम्ही बरोबर असाल तर?"

कोमलबाईंनी त्या लाल सीलाकडे पाहिलं. पल्लवीताईंनी आतून दुसरी खुर्ची आणली.

*

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात सगळे त्या ओट्यावर जमले. पाऊस महिनाभर बरा झाला होता, अंगणातली काळी माती फुगून तट्ट झाली होती. रणनवरेंनी सील तपासलं, शाबूत असल्याची नोंद केली, स्वतःच्या हाताने तोडलं आणि दार उघडलं. कोंडलेल्या दमट खोलीत दिवा लागला.

पट्टीवर भेग नव्हती.

काळी रेघ होती तिथे आता पांढरट, किंचित फुगीर शीर होती. हाताला टणक. निरीक्षकाने भेगशोधक वरपासून खालपर्यंत फिरवला. यंत्र गप्प राहिलं.

रणनवरेंच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं, ते घरच्या लग्नातही कधी पसरलं नसेल. "बाई, तुमचं नशीब थोर! पावसात माती फुगली, भिंत जागेवर आली आणि भेग मिटली. भेग नाही म्हणजे दोष नाही. बिराजदारबाई, तुम्ही तक्रार मागे घेतल्याची सही करा. सोमवारपासून पाळणाघर सुरू. धोत्रेबाई, तुम्ही दोषमुक्त! जा, सुखाने राहा."

कोमलबाई भिंतीजवळ गेल्या. त्यांचा चेहरा पडला होता. पाच वर्षं पत्रं लिहून, बावीस घरांत लोकांची बोलणी ओढवून जो पुरावा मिळवला होता, तो भिंतीने गिळून टाकला होता. त्यांनी त्या पांढऱ्या शिरेवरून अंगठा फिरवला. अंगठा काचेला अडला. मग त्या वाकून बघू लागल्या आणि बघता बघता त्यांचे खांदे ताठ झाले.

"डॉक्टर, इकडं या. माप आणलंय का?"

काचेचे दोन तुकडे भिंतीला तसेच घट्ट चिकटलेले होते. मधे फट होती आणि त्या फटीच्या तळाशी पांढरा दगड दिसत होता.

"सील लावताना हे अंतर किती व्हतं?"

शितोळेबाईंनी फाइल पाहिली. "चार मिलिमीटर."

"भिंत जागेवर आली असंल तर काचेचे तुकडे एकमेकाला टेकाय पायजेत. मापा."

शितोळेबाईंनी मापलं. पुन्हा मापलं. चष्मा पुसून तिसऱ्यांदा मापलं. "सहा."

"किती?" रणनवरे म्हणाले.

"सहा मिलिमीटर. अंतर वाढलंय." त्यांचा आवाज खाली गेला होता. "भेग मिटलेली नाही. ती रुंदावली आणि मग भरली गेली."

"मग कुणीतरी भरली असेल!"

"सील तुमचंच व्हतं, साहेब," कोमलबाई म्हणाल्या. "आत्ता तुमीच तोडलं."

बाहेर अंगणात कुठेतरी पागोळी गळत होती. शितोळेबाई त्या पांढऱ्या शिरेकडे बघत हळूहळू बोलू लागल्या, जणू आपलंच जुनं टिपण त्या उलट्या बाजूने वाचत होत्या.

"या पट्टीत भरणजीव नव्हते. शिदोरी नव्हती. जीवनसत्त्व नव्हतं. तरी ही भरली. म्हणजे घरातल्या जुन्या गिलाव्यातून ते ओलीवाटे इकडे आले. आणि इथे जगले. म्हणजे ते जीवनसत्त्व त्यांना आता स्वतःला बनवता येतं. अकरा वर्षांत त्यांच्या हजारो पिढ्या झाल्या. ज्यांना शिदोरीवाचून जगता आलं, तेवढेच उरले." त्या थांबल्या. "आणि ते साध्या सिमेंटमधला चुना सोडवून घेतात. साधं सिमेंट इथे पट्टीत आहे. आणि खाली जोत्यात आहे. घराच्या पायात आहे."

"पण जून महिन्यात तर ही पट्टी भरत नव्हती," रणनवरे म्हणाले.

"उन्हाळाभर कोरडी होती. त्यांना ओल हवी असते." शितोळेबाईंनी चष्मा काढला. "मी म्हटलं होतं, भेगा दिसत नाहीत त्या अर्थी शिदोरी शिल्लक आहे. चुकलं माझं. शिदोरी कधीच संपली असणार. भेगा दिसत नाहीत, कारण पाया खाऊन भिंत भरली जातेय. पाया अशक्त झाला की भिंत जास्त हलते, जास्त तडे जातात, ते भरायला पाया आणखी खाल्ला जातो. पावसाळ्यात मिटायला हवी ती भेग रुंदावली, याला दुसरं कारण मला दिसत नाही."

"मग आत्ताच जोतं उघडून बघा की!" पल्लवीताई म्हणाल्या.

"तसं करता येत नाही," रणनवरेंनी घाम पुसला. "नियम एकोणीस लागू झाल्याशिवाय पाया उघडता येत नाही. आणि नियमाला नोंदलेली भेग लागते. इथे भेग नाही. यंत्र काय म्हणतंय बघा. मी काय करू? तुम्ही सही करा, यांना दोषमुक्त करतो, डॉक्टरांना सावकाश संशोधन करू द्या."

"दोषमुक्ती नको मला," कोमलबाई म्हणाल्या.

"काय?"

"मला दोषी धरा. मी मालकाला न इचारता पट्टी सोडली. ती पट्टी फुटली. मे महिन्यात तुमच्याच निरीक्षकानं फोटो काढला. मी दोषी ठरली तर निकालात लिहायला लागंल की कामात भेग पडली, किती पडली, कुठं पडली. निकालात आली म्हंजे नोंदली गेली. मी सुटली तर भेग कधी पडलीच न्हाई."

रणनवरे तिच्याकडे बघतच राहिले. सहा आठवड्यांपूर्वी ही बाई माफी का मागत नव्हती, ते त्यांना आत्ता कळलं. ती परवाना वाचवायला आलीच नव्हती. ती शिक्षा मागायला आली होती.

"मूर्खपणा आहे हा," ते म्हणाले. "तीस वर्षांचा धंदा जाईल. आणि मुळात हे तुमच्या हातात नाही. तक्रारदाराने सही केली की प्रकरण संपलं." त्यांनी कागद पल्लवीताईंपुढे धरला. "बाई, सोमवारपासून मुलं परत येतील."

पल्लवीताईंनी कागद हातात घेतला. खोलीच्या भिंतीवर त्यांनीच रंगवलेली हत्तीची रांग होती. खाली कोपऱ्यात चौदा छोट्या गाद्यांची चळत होती. अडीच महिने हातात दमडी नव्हती आणि रोज कुणा ना कुणा आईचा फोन येत होता की काकू, कधी? त्यांना या बाईचा राग अजूनही होता. न विचारता आपल्या घरात केलेली गोष्ट त्या मरेपर्यंत विसरणार नव्हत्या. पण त्या गाद्या ज्या जमिनीवर अंथरायच्या, ती जमीन कशावर उभी आहे, हे आता त्यांना माहीत झालं होतं. माहीत नसल्यासारखं करणं त्यांना येत नव्हतं.

त्यांनी कागद घडी करून परत दिला.

"तक्रार कायम आहे," त्या म्हणाल्या. "या बाईंनी माझं काम वाईट केलं. भिंतीला भेग पडली. सहा मिलिमीटर. यांना शिक्षा झाली पाहिजे, म्हणजे पाहिजेच!"

शितोळेबाईंनी पेन काढलं. "तज्ज्ञ म्हणून माझी साक्ष लिहून घ्या. भेग पडली होती. मी स्वतः मापली."

*

निकाल आठवड्याने त्याच दालनात लागला. रणनवरेंनी तो भराभर वाचला. परवानाधारक क्रमांक चारशे सात यांनी मालकाला अंधारात ठेवून सदोष काम केले. भिंतीस सहा मिलिमीटर रुंदीची भेग पडल्याचे सिद्ध झाले. परवाना कायमचा रद्द.

"नोंद वहीत झाली का?" कोमलबाईंनी विचारलं.

"झाली," मागच्या बाकावरची एक कारकून म्हणाली. "शहरातली पहिली."

"एका भेगेने काही होत नाही," रणनवरे घाईने म्हणाले. "नियमाला तीन लागतात."

"व्हय." कोमलबाईंनी पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढला आणि टेबलावर ठेवला. "ह्या आणखी एकवीस तक्रारी. सगळ्या माझ्याच विरुद्ध. घरोघर फिरून सांगितलं, मी तुम्हाला फसवलंय, माझ्यावर तक्रार करा. चौघांनी तोंडावर दार आपटलं, दुसऱ्या दिवशी परत गेली. एकोणीस घरांत काच तुटलीया. कुठं भेग उघडी हाय, कुठं भरलीया. काच काय त्या जीवांना सांधता येत न्हाई."

रणनवरेंनी वरचा अर्ज उघडला, मग खालचा. परवाना एकदाच रद्द करता येतो. दोषी मात्र कितीही वेळा ठरवता येतं, हे नियमांच्या पुस्तकात त्यांनीच कधीकाळी लिहिलं होतं.

परवान्याचं कार्ड टेबलावर ठेवून कोमलबाई निघाल्या. दारापाशी थांबल्या. दालनाची ती पांढरीशुभ्र भिंत त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिली, तळहात टेकवून पाहिली. मग पिशवीतून बोटाएवढी एक काच काढली, तिला लेप लावला आणि भिंतीवर आडवी दाबून धरली.

"हे काय चाललंय?" रणनवरे ओरडले. "परवाना नसताना भिंतीला हात लावायचा नाही! काढा ते!"

"काच चिकटवायला परवाना लागत न्हाई साहेब. नियमात बघा."

कुणीच ती काढायला उठलं नाही. शितोळेबाई उठल्या. त्या भिंतीपाशी गेल्या आणि काचेच्या खाली आपल्या पेन्सिलीने त्यांनी तारीख घातली.

पंधरा दिवसांनी नियम एकोणीस लागू झाला आणि पल्लवीताईंच्या घराचं जोतं उघडलं गेलं. थापी शितोळेबाईंनी स्वतः धरली होती, कोमलबाई हात मागे बांधून शेजारी उभ्या होत्या. थापी मुठीपर्यंत आत गेली. चौदा गाद्या त्याच दुपारी जवळच्या एका शाळेच्या सभागृहात हलल्या आणि पल्लवीताईंनी तिथेही भिंतीवर आधी काच लावून घेतली, मग हत्ती रंगवायला घेतले.

मंडळाच्या दालनात सुनावण्या आता रोज असतात. रणनवरे खुर्चीत बसतात खरे, पण वादी काय म्हणतो आणि प्रतिवादी काय म्हणतो, याकडे त्यांचं लक्ष नसतं. ते दाराजवळच्या त्या बोटाएवढ्या काचेकडे बघत असतात.